माझे विचार मला ‘अहो’ म्हणतात

४ मार्च

पहिलं इंजेक्शन झालं. पोटात देतात. दुखेल, असं सिस्टर म्हणाल्या होत्या. दुखलं नाही. थोडं दुखलं.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. प्रोस्टेटमधली गाठ पुरुषी हार्मोनवर पोसते. इंजेक्शनने ते हार्मोन बंद पाडायचं, गाठीची उपासमार करायची, मग रेडिएशनने तिचा निकाल लावायचा. तीन महिन्यांनी आणखी एक इंजेक्शन, मग बंद. हार्मोन पुढे आपलं आपण परत येतं. योजना पटली. शत्रूची रसद तोडण्यासारखी आहे.

परिणामही सांगितले. अंगातून एकदम वाफा निघतील. थकवा येईल. पोट सुटेल. मन हळवं होईल, उगाच रडू येईल. मी म्हटलं, शेवटचं मला लागू होणार नाही, माझा तो स्वभाव नाही. डॉक्टर म्हणाले, स्वभावाचं मला माहीत नाही, मी हार्मोनचं सांगतोय.

ही रोजनिशी त्यासाठीच. आमच्या लॅबमध्ये एखाद्या उपकरणात फेरफार केला की त्यानंतर ते कसं वागतं याची नोंद ठेवतात. इथे उपकरण मी. नोंद ठेवणाराही मीच. हे नियमाला धरून नाही, पण घरात दुसरं कोणी नाही.

९ मार्च

अजून काहीही परिणाम नाही. प्रकृती मुळात चिवट.

लेकीचा फोन. जेवलात का, म्हणाली. जेवलो. काय जेवलात? भात. आणि? भातच. मग दोघंही गप्प. फोनवर गप्प बसण्यात आम्ही बापलेक पहिल्यापासून तरबेज. पूर्वी हे लक्षात येत नसे, कारण मधे हिचं बोलणं चालू असायचं.

आजाराचं लेकीला सांगितलेलं नाही. ही जाऊन चार महिने होतायत, त्यात तिला आणखी एक काळजी कशाला? पूर्ण बरा झालो की सांगेन. तेव्हा सांगण्यासारखं काही उरणारही नाही.

तशी ती माझ्यावर नाराज आहे. ही गेली त्या दिवशी स्वयंपाकघरात मावशीला सांगत होती, बाबांच्या डोळ्यांत टिपूस नाही गं, खुर्च्या मांडत बसलेत. मी ऐकलं. राग आला नाही. वस्तुस्थिती होती. माणसं येत होती आणि खुर्च्या कमी पडत होत्या. कुणीतरी बघायला नको?

आता तिचं म्हणणं एवढंच, की आईचं बाबांना काही वाटलं की नाही, ते मला एकदा कळू दे. हे ती मला म्हणाली नाही. मावशीला म्हणाली, मावशी मला म्हणाली. रास्त मागणी आहे. मी कळवीन. योग्य वेळी, शांतपणे, मोजक्या शब्दांत. काय कळवायचं ते ठरवतो आहे.

२ एप्रिल

लॅबमधला एसी बिघडला.

आमचं काम वजनं तपासण्याचं. कारखान्यांची, औषधवाल्यांची, सोनारांची वजनं आमच्याकडे येतात आणि खरी की खोटी ते आम्ही ठरवतो. हा सगळा तापमानाचा खेळ. वजनाला हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायचं. बाहेरून आलेलं वजन लगेच तोलायचं नाही, रात्रभर खोलीत ठेवून स्थिरावू द्यायचं. खोली कायम वीस अंशांवर. आणि आज जेवणाच्या सुट्टीआधी खोली अक्षरशः पेटली. मी तिथल्या तिथे सकाळपासूनची सगळी रीडिंग रद्द केली आणि एसीवाल्याला बोलावलं.

माझ्या हाताखाली एक बाई आहेत. चणीने बारीक, बोलायला नेमक्या. इथे त्यांना मिलिग्रॅम म्हणेन. त्या म्हणाल्या, सर, थर्मामीटर वीसच दाखवतोय. मी म्हटलं, मग तोही बिघडलाय, दुसरा आणा. दुसरा वीस. तिसरा वीस. एवढ्यात एसीवाला आला. दोन मिनिटं उभा राहिला, शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं आणि म्हणाला, साहेब, गरम नक्की कुणाला होतंय?

घरी आल्यावर डॉक्टरांचं बोलणं आठवलं. परिणाम पहिला: अंगातून वाफा. नोंद केली.

मिलिग्रॅमना काही सांगितलं नाही. एसीच्या बाबतीत सावध असलेलं बरं, एवढंच म्हणालो.

१० एप्रिल

मिलिग्रॅम म्हणाल्या, सर, राग मानू नका, पण तुम्ही जवळ आलात की आकडा सरकतो.

प्रयोग करून पाहिला. मी जवळ: आकडा सरकतो. मी लांब: स्थिर. शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच आहे. नाजूक तराजूला शेजारच्या अंगाची ऊब बाधते, आणि सध्या माझ्या अंगाला वेळीअवेळी शेगडी लागते. त्या म्हणाल्या, जरा दाराशी उभे राहाल का? राहिलो. दारातून स्क्रीन दिसत नाही. त्या आकडे मोठ्याने वाचून दाखवतात, मी मान हलवतो. देखरेख म्हणतात ती हीच.

पोट सुटतंय. उद्यापासून सकाळी चालायला जाणार.

११ एप्रिल

पाय जड. उद्यापासून.

१७ एप्रिल

कपडे धुण्याचं मशीन आधी कपडे तोलून घेतं. मला ते आवडतं. आज मी माझे कपडे टाकले आणि त्याने दिवा लावला: लोड कमी आहे. ते वाचलं आणि रडू आलं. चांगलं पाच मिनिटं. मशीनवर डोकं टेकवून. कारण काहीही नाही. मशीनचं म्हणणं बरोबर होतं.

परिणाम दुसरा. म्हणजे डॉक्टर म्हणाले ते खरं. मला बरं वाटलं. उगाच रडणारा माणूस आणि इंजेक्शनमुळे रडणारा माणूस, यांत फरक आहे.

यावर उपाय आमच्याच धंद्यात आहे. तराजू रिकामा असताना दोन ग्रॅम दाखवत असेल तर तो फेकून देत नाहीत. प्रत्येक रीडिंगमधून ते दोन ग्रॅम वजा करतात. तसं इंजेक्शनचं रडणं वजा करायचं. केलं. बाकी शून्य. म्हणजे मी ठीक आहे.

६ मे

नवीन परिणाम. हा डॉक्टरांनी सांगितला नव्हता.

माझे विचार पूर्वी डब्यांवरच्या चिठ्ठ्यांसारखे असत. दूध. बस. लाइटबिल. एक शब्द, की काम झालं. गेले काही दिवस पूर्ण वाक्यं येतायत. आज दाराला कुलूप लावताना डोक्यात आलं, अहो, गॅस बंद केलात का?

आवाज वगैरे नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. विचारच होता, माझाच. पण सुरुवात ‘अहो’ अशी.

परत आत गेलो. गॅस बंदच होता.

दुपारी लॅबमध्ये पुन्हा. अहो, त्या कोपऱ्यातल्या माणसाला बसायला सांगा की. संध्याकाळी: अहो, पाव घेताना हाताने दाबून बघा, कालचा देतात.

जगात मला ‘अहो’ म्हणणारी एकच व्यक्ती होती. त्याचा इथे संबंध नाही. साधा हिशेब आहे. पुरुषी हार्मोन गेलं, त्यामुळे विचार बायकी झाले. आणि बायका कसा विचार करतात याचा माझा अनुभव एकाच बाईपुरता. तेव्हा तोच नमुना वापरला जाणार.

पाव दाबून पाहिला. कालचाच होता.

१४ मे

विचार सुधारतायत. आज मिलिग्रॅम आल्या आणि डोक्यात आलं, अहो, हिचं घरी भांडण झालंय, चेहरा बघा. पूर्वी मला माणसाला चेहरा असतो हेच फार उशिरा कळायचं. ही नेहमी म्हणायची, तुम्हाला चष्म्याचा नंबर नाही, माणसांचा नंबर आहे.

म्हटलं, हार्मोनमुळे नवी शक्ती आलीच आहे तर वापरावी. दारातूनच विचारलं, घरी काही भांडण झालं का? त्या चिमटा हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना घरचं काही विचारलं नव्हतं. मग म्हणाल्या, नाही सर, दाढ दुखतेय.

तरी काहीतरी दुखत होतं, एवढं बरोबर निघालं. पन्नास टक्के.

जेवताना त्यांनी दाढेची पूर्ण हकिगत सांगितली. मी ऐकली.

२३ मे

संध्याकाळी रेडिओ लावत नाही. गरज पडत नाही. अहो, तो पडदा उतरवा एकदा धुवायला. अहो, समोरच्यांनी गॅलरीला कसला रंग दिलाय. अहो, लेकीला फोन करा, नुसतं जेवलात का विचारू नका, दुसरं काहीतरी विचारा.

आज मी मनातल्या मनात ‘हूं’ म्हटलं. जुनी सवय. संसारात माझ्या वाटची वाक्यं बहुतेक एवढ्याच लांबीची होती. हिची तक्रार नव्हती. होती, पण ती तिसऱ्यांकडे करायची.

चालायला गेलो नाही. आभाळ आलं होतं.

३ जून

दुसरं इंजेक्शन. डॉक्टरांना नवीन परिणामाची माहिती दिली. म्हटलं, माझे विचार मला अहो म्हणतात.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हे मला आजवर कुठल्या पेशंटने सांगितलेलं नाही. म्हणजे केस दुर्मीळ आहे. मग विचारलं, झोप कशी आहे? ठीक. भूक? भात खातो. घरी कोण असतं? मी म्हटलं, फ्लॅट माझ्या मालकीचा आहे. ते म्हणाले, बरं. बाहेर पेशंट थांबले होते.

२९ जून, रविवार

लेक येऊन गेली. न कळवता आली, तिच्याकडच्या किल्लीने दार उघडून.

मी दूध तापवत होतो. डोक्यात आलं, अहो, दूध. वळलो तोवर उतू गेलं होतं. शेगडी पुसायला घेतली आणि पुसता पुसता रडू आलं. परिणाम दुसरा, नेहमीचा. हातात फडकं, नाकाला धार, अशा अवस्थेत तिने मला पाहिलं.

ती दारातच थांबली. पिशवी खाली ठेवली. जवळ येऊन माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. बाबा, म्हणाली, मला वाटलं होतं तुम्हाला काहीच... आणि तीही रडायला लागली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. लहानपणी ताप आला की ठेवायची तसं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो.

हे पुढे तसंच चालू देणं मला प्रामाणिकपणाचं वाटेना. डोळ्यांदेखत कुणी चुकीचं रीडिंग खरं धरून चाललं असेल तर थांबवणं हे माझं काम आहे. शिवाय हे रडणं हिच्या नावावर खपवणं म्हणजे हिला फसवणं. म्हणून म्हटलं, अगं, हे आईचं नाही. हे इंजेक्शनचं आहे.

कसलं इंजेक्शन?

मग गाठ, हार्मोन, रसद, रेडिएशन, सगळं सांगावं लागलं. क्रमाने सांगितलं. खांद्यावरचं तिचं डोकं कधी बाजूला झालं, लक्षात आलं नाही.

ती म्हणाली, तुम्हाला कॅन्सर आहे आणि तुम्ही मला इतके महिने सांगितलं नाहीत. मी हो म्हटलं. आणि आत्ता रडत होतात ते आईसाठी नव्हतं. तेही बरोबर होतं. हो म्हटलं. मग तिने विचारलं, इंजेक्शनच्या आधी? एकदा तरी? मी खरोखर आठवून पाहिलं. नाही म्हटलं.

तिने शेगडी पुरी पुसली. फडकं धुऊन वाळत घातलं. रेडिएशनच्या तारखा विचारून फोनमध्ये टाकल्या. जाताना म्हणाली, मी प्रत्येक वेळेला येणार आहे, पण माझ्याशी बोलायचं नाही. मी म्हटलं, बरं. तर ती आणखी चिडली. म्हणाली, बरं काय बरं! आई कशी राहिली हो तुमच्याबरोबर!

असो. गैरसमज दूर झाला.

२ जुलै

मेहुणीचा फोन. लेकीने सगळं तिच्या कानावर घातलेलं दिसतंय. भाऊजी, म्हणाली, तुम्ही माणूस आहात की तराजू? मी म्हटलं, खुलासा करणं गरजेचं होतं. ती म्हणाली, अहो, तराजूसुद्धा वर काही ठेवलं की खाली जातो! पोरगी खांद्यावर डोकं ठेवून रडतेय आणि तुम्ही तिला हार्मोन शिकवताय? तुमच्या जागी खांब असता तरी गप्प राहिला असता!

पाच मिनिटं बोलत होती. आवाजात बहिणीचा भास आहे, विशेषतः चिडल्यावर. मी मधे बोललो नाही. शेवटी म्हणाली, ऐकताय ना? हूं म्हटलं. ती एकदम थांबली. मग रडवेल्या आवाजात म्हणाली, ताई म्हणायची ते खरं आहे, आणि फोन ठेवला. ही काय म्हणायची ते सांगितलं नाही.

२१ जुलै

रेडिएशन चालू. रोज जायचं. लेक रोज येते. तिच्या ऑफिसातून थेट. माझ्याशेजारची खुर्ची सोडून तिच्या पलीकडे बसते. कानात हेडफोन. बोलत नाही. माझं नाव पुकारलं की फक्त बोटाने खुणावते. आज माझ्या हाताला पाण्याची बाटली लावली. न बघता.

अहो, ती वाळलीय. डोक्यात आलं. खरंच वाळली आहे. तिला सांगावंसं वाटलं, पण बोलायला मनाई आहे. आणि हार्मोनचे निष्कर्ष मुलीला सांगणं बरं नाही.

२० ऑगस्ट

रेडिएशन संपलं. लेकीने रिक्षात बसवून दिलं आणि मागे वळून न बघता गेली. आता तिला येण्याचं कारण उरलं नाही. मी लवकर बरा झालो, असं वाटून गेलं. विचार हार्मोनचा. वजा केला.

२ सप्टेंबर

डॉक्टर खूश. गाठ आटोक्यात, रक्तातला आकडा उत्तम. म्हणाले, आता तिसऱ्या इंजेक्शनची गरज नाही.

मी म्हटलं, घेऊन टाकू या की.

कशाला?

खबरदारी म्हणून. ते म्हणाले, गरज नसताना कोणी हे मागत नाही हो, पेशंट दिवस मोजत असतात सुटायला. त्रास होत नाही का तुम्हाला? मी म्हटलं, सवय झाली आहे. वाफांची? वाफांचीही. मग म्हणाले, यापुढे हार्मोन परत यायला लागेल, काही महिन्यांत तुम्ही होतात तसे व्हाल.

होतो तसा. म्हणजे दूध, बस, लाइटबिल.

घरी आलो. चहा केला. अहो, साखर कमी घाला. कमी घातली. किती दिवस हे चालेल, काही सांगता येत नाही.

मी खबरदारी म्हणूनच मागत होतो.

१९ सप्टेंबर

उपाययोजना. एक: घरात इतर आवाज नको. टीव्ही बंद. दोन: लॅबमध्ये जेवण एकट्याने, दाराबाहेरच्या टेबलावर. मिलिग्रॅम बोलवायला आल्या होत्या. काम आहे म्हटलं. तीन: फोन कमी. बोललो की विचार मागे पडतात, असा अनुभव आहे. फोन मुळातच कमी येतात, त्यामुळे हे सोपं गेलं.

सकाळी दोनदा आलं. संध्याकाळी एकदा. अजून चालू आहे.

२६ ऑक्टोबर

लेकीचा मेसेज. अकरा तारखेला आईला वर्ष होईल. माझ्याकडे सगळे जेवायला. मावशी पण. जमल्यास या.

‘जमल्यास’ हा शब्द तिने वापरला. हा माझा शब्द आहे.

विचार केला. तिथे हिचे फोटो असणार. माणसं हिच्याबद्दल बोलणार. मला रडू येण्याची दाट शक्यता, आणि इंजेक्शनचा अंमल अजून अंगात. म्हणजे लेकीसमोर पुन्हा खोटं रीडिंग. तिने एकदा फसवणूक सोसली आहे. हार्मोन पूर्ण परत आल्यावर, निर्मळ अवस्थेत, शांतपणे जाईन आणि काय ते कळवीन.

उत्तर पाठवलं: प्रकृतीच्या कारणाने जमणार नाही. पुढे कधीतरी.

तिचं उत्तर नाही.

११ नोव्हेंबर

लॅबमध्ये गेलो. मिलिग्रॅम म्हणाल्या, सर, आज तुमची रजा असेल असं वाटलं होतं. त्यांना तारीख लक्षात आहे. गेल्या वर्षी या दिवशी त्या घरी आल्या होत्या, मागच्या रांगेत बसल्या होत्या. मी म्हटलं, काम आहे. काम नव्हतं. जुन्या प्रमाणपत्रांवर शिक्के मारले.

अहो, जायला हवं होतं.

दिवसभर हे एकच वाक्य. दुसरं काही आलंच नाही. पडद्याचं नाही, साखरेचं नाही. सगळं वजा करत होतो. सतत वजा करत राहिलं की माणूस दमतो.

संध्याकाळी मेहुणीने फोटो पाठवला. टेबलाभोवती सगळे. एक खुर्ची रिकामी. तिच्यावर कुणाचीतरी पर्स.

९ डिसेंबर

आज एक गंमत झाली. शिक्का न्यायला आत गेलो होतो. मिलिग्रॅम म्हणाल्या, सर, हलू नका. मी थांबलो. तराजूच्या अगदी शेजारी. त्या स्क्रीनकडे बघत होत्या. म्हणाल्या, आकडा सरकत नाहीये! बरे झालात सर! त्यांनी चक्क टाळी वाजवली. तराजूच्या खोलीत टाळी वाजवायची नसते.

वाफाही बऱ्याच दिवसांत नाहीत, हे तेव्हा लक्षात आलं.

पण ‘अहो’ चालू आहे. आज सकाळीच, अहो, मफलर. मला वाटतं अंग आधी निवतं आणि डोकं मागाहून. कवटी जाड असते. काही आठवड्यांचा प्रश्न.

१२ जानेवारी

रक्ततपासणीचा निकाल. गाठ शांत. हार्मोन नॉर्मल. तुमच्या वयाच्या माणसाचं असावं तेवढं, डॉक्टर म्हणाले. अभिनंदन केलं.

मी म्हटलं, शक्य नाही. परिणाम अजून चालू आहेत.

कुठले? रडू. अजून? काल लिफ्टमध्ये. आणि विचार मला अजून अहो म्हणतात, आत्ता बाहेर बसलो होतो तेव्हाही. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन केव्हाच उतरलंय. मी विचारलं, केव्हा? म्हणाले, नेमकं सांगता येत नाही, पण हा आकडा बघता ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून नसावंच. आता जे होतंय ते औषधाचं नाही. तुमचं आहे.



त्यांनी विचारलं, घरी अहो कोण म्हणतं तुम्हाला? मी म्हटलं, म्हणायची. त्यांनी चष्मा काढला. कधी गेल्या? इंजेक्शनच्या आधीच्या नोव्हेंबरात. म्हणाले, आणि हे तुम्ही मला आज सांगताय? मी म्हटलं, तुम्ही प्रोस्टेटचे डॉक्टर आहात.

ते पुढे काहीतरी बोलले. मला दार उघडून दिलं. आजवर कधी दिलं नव्हतं.

घरी चालत आलो. वाटेत हिशेब करत होतो. तराजूत मुळात खोट नव्हती, आणि आपण प्रत्येक रीडिंगमधून वजा करत आलो, असं निघालं तर काय करतात? सोपं आहे. वजा केलेलं सगळं परत मिळवतात. मशीनवर डोकं टेकलं ते. दुधाचं. अकरा नोव्हेंबरचं. अर्धा रस्ता मिळवता आलं. पुढे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. शेजारून कुणीतरी येऊन म्हणालं, आजोबा, बरं वाटत नाहीये का? आजोबा कुठून, अजून निवृत्त झालेलो नाही. पण बसून राहिलो.

१३ जानेवारी, संध्याकाळी

लेकीला कळवायचं, आजच. मजकूर तयार केला. जूनमध्ये मी दिलेला खुलासा चुकीचा होता. तो मागे घेत आहे. ते आईचं होतं. सगळंच आईचं होतं. चार वाक्यं. पाठ केली. आरशासमोर म्हणून पाहिली, व्यवस्थित आली. आवाज स्थिर.

फोन लावला. तिने लगेच उचलला, ही अपेक्षा नव्हती. बोला, म्हणाली. मी म्हटलं, त्या दिवशीचं. कुठल्या दिवशीचं? दूध उतू गेलं त्या दिवशीचं. ती म्हणाली, हं. इथपर्यंत ठीक. मग पहिलं वाक्य सुरू केलं, ‘जूनमध्ये मी’, आणि पुढचं आलंच नाही. तोंड उघडं, शब्द नाही. नाकातून मात्र भलताच आवाज आला.

बाबा, काय झालं?

मी म्हटलं, सर्दी झालीये.

मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, मलाही झालीये. आणि तिकडूनही तसाच आवाज आला.

फोन कुणीच ठेवला नाही. बोललंही कुणी नाही. मधूनमधून तिकडून नाक ओढल्याचं ऐकू यायचं, मधूनमधून इकडून.

सर्दी फोनवरून लागत नाही. एवढं मला कळतं.